पंपवाल्यांचा अलीकडचा फोटो

४ मार्च

छबी,

दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करतोय, चुका असतील. त्या सोडून दे. भांडण उकरून काढायला लिहीत नाही. तू आपल्या स्टुडिओला गोदाम म्हणालीस, मी जे म्हणालो ते म्हणालो, ते आहे तिथंच असू दे. काम आहे म्हणून लिहितोय. फोन लावला होता, तू उचलला नाहीस. कामात असशील.

मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या वहिनी तुला आठवत असतीलच. तुझे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले. त्यांचे यजमान पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना पंपवालेच म्हणतं. ते काल सकाळपासून घरी आलेले नाहीत.

तू गेलीस तेव्हा ते नुसते किल्ल्या विसरायचे. आता पार माणसं विसरतात. काल वहिनी मशीनवर बसल्या होत्या. बॉबिनचा दोरा संपला म्हणून आतल्या खोलीत गेल्या. बाहेर येतात तो दार उघडं. चप्पल दारातच.

पोलीस चौकीत फौजदार म्हणाला, "अलीकडचा फोटो द्या." वहिनींकडे एकच फोटो, लग्नातला. त्यात पंपवाल्यांना दाट केस, जाड मिशी. फौजदारानं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "बाई, हा रस्त्यात भेटला तर मी तुमचा मुलगाच समजेन." बिचाऱ्याला काय माहीत, त्यांना मूल नाही म्हणून.

मग वहिनींना आठवलं. पेन्शनच्या कागदांसाठी पंपवाल्यांनी आपल्याकडे पासपोर्ट फोटो काढला होता. मी काढला असणार आणि कॉम्प्युटरवर तू चढवला असणार. छापलेल्या सगळ्या प्रती कागदांना लागल्या. म्हणजे आता तो असेल तर ह्या कॉम्प्युटरच्या डब्यातच.

मी 'फोटो' नावाच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. आत फोल्डर. त्यांच्या आत आणखी फोल्डर. शेवटी एकदाच्या फाइली आल्या, तर सगळ्यांवर तेच एक चिन्ह, डोंगर आणि त्यावर सूर्य. नावंही तीच, तीन अक्षरं आणि पुढं आकडे. एक उघडायची, बघायची, बंद करायची. दुसरी उघडायची. दुपार झाली तरी पहिला फोल्डर संपेना. अशानं पंपवाले सापडेपर्यंत मलाच शोधायची पाळी येईल.

न उघडता आत कोण आहे ते दिसेल, असं काही असतं का?

वहिनी समोर बसल्यात. मी फार मोठं काहीतरी करतोय असं त्यांना वाटतंय. निदान तेवढ्यासाठी तरी उत्तर दे.

बाबा

५ मार्च

छबी,

तुझं उत्तर मिळालं. ना मायना, ना सही, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. "वर व्ह्यू आहे. त्यात एक्स्ट्रा लार्ज आयकॉन्स. एकच फाइल उजवीकडे मोठी बघायची तर ऑल्ट आणि पी." खोटं कशाला सांगू, ते वाचूनही बरं वाटलं.

केलं तसं. आणि छबी, डोंगर-सूर्य गेले आणि माणसं आली. ओळीच्या ओळी. औषधाच्या दुकानातली म्हातारी, मान नेहमीप्रमाणे वाकडी. हेडसर, श्वास रोखून. एक तान्हं बाळ, त्याचं डोकं सरळ राहावं म्हणून त्याच्या आईनं मागच्या पडद्याआडून हात घातलाय, आणि तू तो हात फोटोतून पुसायची विसरलीस. बाण खाली दाबला की आणखी माणसं. सगळं गाव माझ्याकडे टक लावून बघत होतं. त्यातली कितीतरी आता नाहीत.

वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या. "हे नाहीत. हेही नाहीत." सुरुवातीला प्रत्येकाची ओळख सांगायच्या, ह्याच्या मुलीचं झबलं मी शिवलं, ह्याची पँट आखूड झाली म्हणून हा भांडला. मग नुसतं "नाहीत". मग नुसतीच मान.

मी म्हणालो, "वहिनी, जरा डोळे मिटून बसा. सगळे चेहरे सारखेच दिसायला लागतात."

"मी चेहरे बघतच नाहीये भावजी," त्या म्हणाल्या. "शर्ट बघतेय. फिकट निळा. गळपट्टीला मी दुहेरी शिलाई घातली होती."

साल विचारलं तर म्हणाल्या, पुलाचं काम निघालं त्या वर्षी. मग म्हणाल्या, की पुढच्या? मग बोटांवर वर्षं मोजली, परत मोजली. मला वाटतं त्यांना भीती वाटली, आपणही विसरायला लागलो की काय.

दुपारी फळवाला सांगत आला. पंपवाले त्याला एसटी स्टँडपाशी दिसले होते, परवाच. अनवाणी. टाकीकडे कुठून जायचं, असं विचारत होते. टाकी पाडून किती वर्षं झाली. फळवाल्याला वाटलं, चेष्टा करतायत. तोही हसला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. आता दुकान बंद ठेवून गावभर हिंडतोय.

ठरावीक वर्षाचेच फोटो समोर येतील असं करता येतं का? कळव.

फोल्डर चाळताना एकाचं नाव 'आई' दिसलं. तो मी उघडला नाही. उघडू का, असं विचारत नाहीये. नुसतं सांगतोय.

बाबा

६ मार्च

छबी,

आज एवढं झालंय की कुठून सांगू.

तू लिहिलंस तसं वरच्या सर्चच्या चौकटीत 'डेट टेकन' लिहिलं, पुढं विसर्गासारखी दोन टिंबं दिली आणि तारखा घातल्या. पट्टी हिरवी हिरवी होत पुढं सरकली. वहिनी पुढं वाकल्या. आणि काय? एकही फोटो नाही. अलीकडचं साल टाकलं, पलीकडचं टाकलं. काही नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो जुना कॅमेरा. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली होती, आणि बंद करून चालू केला की तो दर वेळी स्वतःला नवाकोरा समजायचा, पहिल्या सालच्या पहिल्या तारखेपासून सुरू. तू कितीदा म्हणायचीस, दुरुस्त करून आणू. मी म्हणायचो, फोटो चांगले येतायत ना? त्यामुळं ह्या कॉम्प्युटरच्या हिशेबी गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी फोटो काढून घेतलेत.

तुला तसं कळवलं, आणि तुझी दुसरी ओळ लगेच आली. मला वाटतं तूही तिकडं कॉम्प्युटरसमोरच बसली होतीस. "पासपोर्टच्या काही फाइलींना मी आडनावं दिली होती. बघा." आता त्यांचं आडनाव इंग्रजीत लिहायचं तर व ला डब्ल्यू की व्ही, शेवटी ए एक की दोन? मी एकेक प्रकार लिहून बघत होतो आणि कॉम्प्युटर दर वेळी नम्रपणे नाही म्हणत होता. परत तुझी ओळ: "मधली खात्रीची अक्षरं लिहा. दोन्ही बाजूंना चांदणीची खूण द्या. बाकीचं तो भरेल."

चांदणी, तीन अक्षरं, चांदणी.

पाच-सहा फाइली आल्या. त्यात एक, नखाएवढा, फिकट निळा शर्ट.

वहिनी जागेवरून उठल्या. हातात कापडाचा तुकडा होता, त्यानं त्यांनी काचेवरची धूळ पुसली, हलक्या हातानं, जणू काचेखाली खरोखरच त्यांचा गाल आहे. मग म्हणाल्या, "हेच."

मी दोनदा टिचकी मारली. पडदा काळा झाला आणि मध्ये एक ओळ आली, फाइल उघडता येत नाही. परत मारली. परत तीच ओळ. ऑल्ट आणि पी करून बघितलं, उजवीकडची जागा रिकामी. दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन बघितली. मी काय नाही केलं! नखाएवढा चेहरा तिथं आहे, हसतोय, आणि मोठा म्हणून होत नाही.

तू लिहिलंस की मूळ फाइल अर्धवट राहिलीय, आणि दिसतंय ते फाइलीच्या तोंडाशी ठेवलेलं छोटं चित्र. तिचा आकार शेजारच्यांशी ताडून बघा, कळेल. बघितला. इतरांच्या मानानं अगदीच किरकोळ आहे.

वहिनींना हे कसं समजावून सांगायचं? त्या एकच म्हणत होत्या, "पण दिसतायत ना भावजी. मग?"

तेवढ्यात हवालदार आला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि पडद्यावरच्या त्या नखाचा फोटो घेतला. म्हणाला, "चालतंय, काका. लावतो ग्रुपवर." चालतंय! बोटांनी ताणून मोठा केला तर नुसते चौकोन. नाक म्हणाल तर नाक, डाग म्हणाल तर डाग. सगळा जन्म मी माणसांच्या तोंडावर उजेड नीट पडावा म्हणून दिवे सरकवण्यात घालवला, आणि ज्या एका फोटोवर काही अवलंबून होतं तो हा.

संध्याकाळपर्यंत त्या डागासारखे दिसणारे किती तरी म्हातारे लोकांना सापडले. एकाला बघायला वहिनींना जीपनं शेजारच्या गावाला नेलं. तो कुणी भलताच निघाला. वहिनींना बघून तो उठून उभा राहिला म्हणे. त्याला वाटलं, आपल्याला न्यायला आले.

आणखी काही करता येतं का, छबी? माझे हात टेकलेत.

बाबा

७ मार्च

छबी,

आज सकाळी जे झालं ते तुला माहीतच आहे, तूच केलंस. तरी इकडून कसं दिसलं ते सांगतो.

तू सांगितलेला प्रोग्रॅम उतरवला, पडद्यावर आलेला नंबर तुला कळवला, तू मूळ प्रती ठेवायचीस ती दिव्यांच्या कपाटातली जुनी हार्ड डिस्क काढून वायर जोडली. वायर तीनदा उलटी घातली, तेही सांगून टाकतो. मग काय होतंय म्हणून बघत बसलो, माउसवर हात ठेवून.

आणि बाण आपोआप हलला.

मी दचकून हात घट्ट धरला. बाण तुझ्याकडेही जाईना आणि माझ्याकडेही येईना, थरथरत राहिला. मग एक पांढरी खिडकी उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली. "बाबा, माउसवरचा हात काढा."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

वहिनी म्हणाल्या, "कोण करतंय हे?" मी म्हणालो, "आमची मुलगी." त्या खुर्ची सावरून नीट बसल्या, तू खोलीत आल्यासारख्या.

तू दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्यास, डावीकडे हा डबा, उजवीकडे जुनी डिस्क. दोन्हींत तेच अर्धवट नाव टाकलंस. आकाराच्या मथळ्यावर टिचकी मारलीस आणि फाइली मोठ्याकडून छोट्याकडे ओळीनं उभ्या राहिल्या. तुझा बाण कसा चालतो ते मी विसरलो होतो. झरझर जातो आणि टिचकी मारायच्या आधी क्षणभर थांबतो. तू लहानपणी पायऱ्या उतरताना शेवटच्या पायरीवर अशीच थांबायचीस.

मग तू एक फाइल उघडलीस, आणि पंपवाले पडदाभर झाले. भुवईतला पांढरा केससुद्धा दिसत होता. गळपट्टीची दुहेरी शिलाई. मी उजवा दिवा जरा जवळ घेतला होता तेव्हा, डोळ्यात त्याचा ठिपका आलाय.

पांढऱ्या खिडकीत तू लिहिलंस, "हेच ना?"

मी एका बोटानं लिहिलं, "हो."

तू फाइलला नीट पूर्ण नाव दिलंस, एक प्रत डाव्या खिडकीत ओढून आणलीस, एक पेन ड्राइव्हवर टाकलीस. मी तोवर दुसरी ओळ लिहायला घेतली होती. तू जेवलीस का, असं लिहीत होतो. 'जे' शोधेपर्यंत पांढरी खिडकी मिटली. बाण परत माझा झाला. मी तो थोडा इकडंतिकडं हलवून बघितला.

फोटो चौकीवर दिला. फौजदार म्हणाला, "हे आधी का नाही दिलंत?"

बाबा

१५ मार्च

छबी,

पंपवाल्यांचा पत्ता नाही. स्टँडवर, दवाखान्यांत, पुलाखाली, सगळीकडं त्यांचा फोटो लागलाय, माझ्या हातचा, चांगला स्पष्ट. लोक थांबून बघतात आणि मला म्हणतात, फोटो छान आलाय हो. ह्यापेक्षा मला कुणी दोन शिव्या दिल्या तर बरं.

वहिनी रोज दुपारी येतात. मशीन बंदच आहे. म्हणतात, "उघडता का जरा?" मी फोल्डर उघडतो. त्या बघतात. मग उठतात, "येते," म्हणतात. प्रत काढून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, "नको. घरी फोटो लावला की मग ते आले नाहीत असं होईल."

परवा तुझं दोन शब्दांचं पत्र आलं, "सापडले का?" मी काही विचारलेलं नसताना आलं. ते मी तीनदा वाचलं. आणि खाली आणखी एक ओळ होती, 'आई'चा फोल्डर बघा, मी तारखा हातानं घालून तो क्रमानं लावलाय.

उघडला. तुझ्या आईचा चष्मा बदलत जातो, मग केस विरळ होतात, मग डोक्याला रुमाल. दवाखान्यातली खिडकी. शेवटचे मी भराभर पुढं केले. मग कुठंतरी चुकून तारखेच्या मथळ्यावर टिचकी बसली आणि सगळी रांग उलटी फिरली. दवाखाना पहिला. त्यानंतर रुमाल निघाला, केस आले, चष्मा गेला. शेवटच्या ओळीत ती गच्चीवर उभी, तुला कडेवर घेऊन, कशाला तरी हसतेय.

मी पुन्हा टिचकी मारली. परत आजारी पडली. असं मी किती वेळ करत बसलो ते सांगत नाही. वहिनी शेजारीच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या आता, भावजी." मी तो फोल्डर बंद केला. उलटा लावलेला आहे, तसाच राहू दिलाय. तुला चालेल ना?

बाबा

२ एप्रिल

छबी,

पंपवाले सापडले. तू विचारलं होतंस, म्हणून पहिल्यांदा तुला लिहितोय. खरं तर सांगायला दुसरं कुणी नाही.

लांबच्या एका गावात निराधारांसाठी आश्रम आहे. त्यांना तिथं कुणीतरी आणून सोडलं होतं. नाव सांगता येईना, पत्ता म्हणून टाकी सांगायचे. तिथल्या नर्सनं आपला फोटो बघितला आणि भुवईवरून ओळखलं. स्पष्ट फोटोवरून, तू काढून दिलास त्या. हे तुला कळावं.

वहिनी हवालदाराबरोबर जाऊन त्यांना घेऊन आल्या. वाळलेत, दाढी वाढली होती ती आश्रमात काढली. पाय फुटलेत. बाकी प्रकृतीनं ठीक. सगळी गल्ली त्यांच्या दारात जमली होती. पंपवाल्यांनी सगळ्यांना हात जोडले, सगळ्यांची चौकशी केली, आणि वहिनींना म्हणाले, "तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. आता मला घरी सोडा. घरी वाट बघत असतील."

वहिनी म्हणाल्या, "सोडते. आधी चहा घ्या."

काल दोघं दुकानात आले. वहिनींनी त्यांना नवा शर्ट घातला होता, बटणं वरपर्यंत लावलेली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमचा दोघांचा एक काढा भावजी. लग्नानंतर काढलेलाच नाही."

मी बाकडं पडद्यासमोर सरकवलं, दिवे लावले. वहिनी बसल्या. पंपवाले दिव्याच्या स्टँडपाशीच उभे राहिले.

"या ना, बसा," मी म्हणालो.

"नाही नाही," ते म्हणाले. "तुमच्या घरच्यांचा फोटो चाललाय, मी कशाला मध्ये?"

मी उगाच लेन्स पुसत राहिलो. वहिनींनी शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाल्या, "आमच्या घरचं माणूस यायचंय अजून. तोवर तुम्ही बसा जागेवर. भावजींना अंदाज येईल."

"असं म्हणता? मग बसतो," म्हणाले, आणि अंग चोरून बाकाच्या अगदी कडेला बसले. आवरून, परक्या बाईच्या शेजारी भला माणूस बसतो तसे. वहिनी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"थोडे जवळ सरका," मी म्हणालो.

त्यांनी वहिनींकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. वहिनींनी मान हलवली. ते दोन बोटं सरकले.

मी हनुवटी जरा खाली म्हणालो, दोघांनीही घेतली, आणि मी बटण दाबलं.

फोटो कॉम्प्युटरवर चढवला. दोघांची पूर्ण नावं लिहिली, तारीख लिहिली, जुन्या डिस्कवर दुसरी प्रत टाकली, आणि परत दोन्हीकडच्या फाइली उघडून बघितल्या. दोन्ही उघडतायत. छापून प्रत हातात दिली तशी पंपवाल्यांनी ती दिव्याजवळ धरून न्याहाळली.

"झकास आलाय," ते मला म्हणाले. मग आवाज खाली आणून, वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून, "बाई चांगल्या दिसतात. कोण हो ह्या?"

वहिनींनी ऐकलं होतं. त्या पाकीट उघडून धरत म्हणाल्या, "शिवणकाम करते मी. इथंच मागच्या गल्लीत."

"हो का," पंपवाले म्हणाले. "मग एखाद्या दिवशी येईन मापं द्यायला."

"या की," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी फोटो पाकिटात घातला, पंपवाल्यांच्या बाहीला दोन बोटांनी धरलं आणि दोघं पायरी उतरले. मी दारात उभा होतो. कोपऱ्यावर ते पूर्वी टाकी होती त्या बाजूला वळायला लागले, वहिनींनी बाही ओढली नाही. त्याच बाजूनं थोडं चालू दिलं, त्यांच्याबरोबर गेल्या, आणि मग गल्लीतून वळवून घराकडे आणलं.

बाबा